होल्स्टचे दोन सूट : शाळेच्या बँडसाठी आधी कोणता?

कार्यक्रमापुरती चार गाणी घोटून घ्यायची, की एकाच रचनेतून मुलांना संगीत कळू लागेल असं शिकवायचं? अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बँड-शिक्षकांनी १९७७पासून दुसरी वाट धरली. त्या वाटेवर इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचे दोन सूट (अनेक भागांच्या रचना) हमखास समोर येतात : ई-फ्लॅट स्वरातला पहिला (१९०९) आणि एफमधला दुसरा (१९११). दोन्ही साधारण दहा-अकरा मिनिटांचे. होल्स्ट ट्रॉम्बोन वाजवायचा, शाळेत शिकवायचाही. दोन्हींत ते जाणवतं.

पहिल्याची सुरुवात शाकोनने, म्हणजे एकच चाल पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या रचनेने होते. आठ बारची (तालाच्या खंडांची) चाल ट्यूबा-युफोनियम या खर्जातल्या ब्रास (पितळी) वाद्यांवर सुरू होते आणि तबला सोलोमागच्या लेहऱ्यासारखी फिरत राहते; भोवतीचं सगळं बदलत जातं. तिचे पहिले तीन स्वर ई-फ्लॅट, एफ, सी. ई-फ्लॅटला सा मानलं तर सा-रे-ध. तिन्ही भाग यातूनच उगवतात, म्हणून सूट मध्ये न थांबता वाजवावा अशी होल्स्टची सूचना आहे. हे मुलांना आधी सांगू नका. वाद्यं खाली ठेवून सगळ्यांना, ड्रमवाल्यांनाही, हे स्वर गायला लावा. मग जितके स्वर चढलो तितकेच उतरायला सांगा : सा, मंद्र नि, मंद्र ग. शेवटच्या भागाच्या, म्हणजे मार्चच्या, पहिल्या चालीत ही उलटी उडी आणि ट्रायोत (मार्चच्या मधल्या भागात) सुलटी, हे पोरं स्वतः ओळखतात. रचना आतून कशी बांधतात हे इतक्या स्वच्छपणे शिकवणारी दुसरी शालेय रचना मला माहीत नाही.

दुसरा सूट इंग्रजी लोकगीतांवर बेतलेला. लोहाराच्या गाण्यात खरी ऐरण वाजते, मुलं खूश! दुसऱ्या भागातल्या संथ सोलोत मात्र कच्चा वादक उघडा पडतो. खरी मौज शेवटी : सहा-आठ तालातल्या ‘डार्गसन’ या नाचाच्या चालीवर तीन-चार तालातलं ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे गाणं येतं. दोन मात्रांच्या जागेत तीन, म्हणजे आपली दीडपट. अर्ध्या वर्गाने दोन टाळ्या, अर्ध्याने तीन. हे जमल्याशिवाय वाद्यांना हात लावू देऊ नका.

माझं मत पहिल्याला, पण खालची ब्रास वाद्यं भक्कम हवीत. ट्यूबा डळमळला की शाकोनच कोसळतो. तुमच्याकडे क्लॅरिनेट-फ्लूट चांगले आणि ब्रास नवखं असेल, तर यंदा दुसरा घ्या. वेळ कमी पडला तर त्यातला एखादा भाग सुटा वाजवता येतो. पहिल्याचे तुकडे करू नका.