पोर्क भाजायचंय: अननस, कच्ची पपई की कोकमाचं आगळ?

निखाऱ्यावर पोर्क भाजायचं ठरलं की मसाल्यापाशी कुणी फारसं अडत नाही. गोव्याचा रेशाद असो की साधं आलं-लसूण-मिरची, ते घराघरात ठरलेलं असतं. गोंधळ होतो तो मुरवणात घालायच्या फळाचा. मला विचाराल तर आधी मांसाचा तुकडा बघा, मग हाताशी असलेला वेळ बघा आणि चवीचा विचार त्यानंतर करा.

खांद्याचं मांस आणलं असेल तर कच्ची पपई. या भागात तंतू आणि पडदे भरपूर असतात, नुसत्या मसाल्याला ते दाद देत नाहीत. पपईच्या चिकातलं पपेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं. 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपास ते सगळ्यात जोमाने काम करतं, म्हणजे मांस जाळीवर तापत असतानाही त्याचं काम चालूच असतं. किलोला दोन मोठे चमचे सालासकट वाटण पुरतं आणि दोन तास बास. मात्र पपेन फार खोल उतरत नाही. तुकडे जाड ठेवले तर वरून लगदा आणि आतून चिवट, असं होतं. दीड इंचाहून मोठे तुकडे करू नका. पपईची स्वतःची चव जवळजवळ नसते, त्यामुळे मसाला स्वच्छ लागतो.

अननसाचं तसं नाही. त्याला चव आहे, वास आहे, आंबटगोडपणा आहे आणि पोर्कच्या चरबीशी त्याचं फार छान जमतं. मेक्सिकोत आल पास्तोर करताना उभ्या सळईवर रचलेल्या पोर्कच्या डोक्यावर अननस खोचतात. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्मातून ही पद्धत तिथे रुजली. पण ताज्या अननसातलं ब्रोमेलेनही प्रथिनं तोडतं. चॉप्ससारख्या मुळातच मऊ तुकड्याला त्याचा रस अर्ध्या तासाहून जास्त लावू नये. रात्रभर ठेवलं तर सकाळी मांस पिठूळ झालेलं असतं. डब्यातला अननस तापवून भरलेला असल्याने त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं. तो रात्रभर चालतो, फक्त चव देतो, मऊपणा देत नाही. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते असं: मुरवणात अननस घालायचाच नाही, चकत्या करून मांसाशेजारी जाळीवर भाजायच्या.

रात्रभर मुरवूनच ठेवायचं असेल, सकाळी पाहुणे यायचे असतील, तर कोकमाचं आगळ घ्या. त्यात नुसती आंबट धार, प्रथिनं तोडणारं असं काही नाही, त्यामुळे मांस पिठूळ होण्याची धास्ती कमी. कोकमाच्याच कुळातल्या फळाचा दाट अर्क, कचमपुळी, कोडगूमध्ये (कूर्ग) पंदी करी या पोर्कच्या रश्शात घालतात. डुकराच्या चरबीला हा आंबटपणा मानवतो हे तिथल्या स्वयंपाकघरांना कधीचं ठाऊक आहे. बाजारच्या आगळात मीठ असतं, तेव्हा वरून मीठ चाखूनच घाला. पोटाकडच्या चरबीदार पट्ट्यांना मी आगळाशिवाय दुसरं काही लावत नाही.

विस्तवाच्या बाबतीत अननस सगळ्यात लहरी. त्यातली साखर मांस शिजण्याआधीच करपते. निखारे एका बाजूला ओढा, मांस दुसऱ्या बाजूला शिजवा आणि रंगासाठी शेवटची दोन-तीन मिनिटं धगीवर आणा. पपईचं वाटण भाजण्याआधी पुसून काढावं लागतं, आगळाला तेवढी काळजी लागत नाही.

फळ कुठलंही असो, मांस कच्चं राहता कामा नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 पासून अखंड तुकड्यांसाठी 63 अंश आणि वर 3 मिनिटांची विश्रांती पुरेशी धरली आहे. आपल्याकडे जनावर कसं पाळलं गेलं हे दर वेळी कळत नाही आणि नीट न शिजलेल्या पोर्कमधून फीतकृमीची लागण होऊ शकते. म्हणून मी आतलं तापमान 70 च्या पुढे नेते. फळामुळे मऊ झालेलं मांस बोटाला शिजल्यासारखं लागतं, त्यावर विसंबू नका, थर्मामीटर घाला. आणि उरलेलं मुरवण वरून लावायचं असेल तर आधी खळखळून उकळून घ्या.