हवाई अंतर सांगणारे संकेतस्थळ : किलोमीटर बरोबर, मिनिटे चुकीची

दोन विमानतळांची नावे दिली की त्यांमधील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारे एक विनामूल्य संकेतस्थळ मी काही महिन्यांपासून वापरत आहे. सोलापुरात होटगी रस्त्यावरील आपल्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरात असे हिशेब वरचेवर होतात.

अंतराच्या बाबतीत ही सेवा विश्वासार्ह आहे. पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा ती मोजते. त्यानुसार सोलापूर ते मुंबई सुमारे ३६० किलोमीटर भरते. रेल्वेने कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाट उतरून जाताना हेच अंतर ४५५ किलोमीटर होते आणि वंदे भारतलाही साधारण साडेसहा तास लागतात, हे सोलापूरकरांना सांगायला नकोच.

तक्रार आहे ती गोव्याच्या हिशेबाबद्दल. मी नुसते ‘गोवा’ असे लिहिले, तेव्हा संकेतस्थळाने काहीही न विचारता दाबोळी विमानतळ धरला आणि ३३५ किलोमीटरच्या आसपासचा आकडा दाखवला. सोलापूरचे विमान मात्र उत्तरेकडे, पेडणे तालुक्यातील मोपा येथे उतरते. आईला घ्यायला येणारी गाडी मी त्या भरवशावर दाबोळीला पाठवली होती. सत्तरीच्या आईला त्यामुळे मोपाला ताटकळत बसावे लागले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

मोपा निवडल्यावर अंतर ३०५ किलोमीटर आले, पण वेळ अवघा २३ मिनिटे! हा आकडा ताशी ८०० किलोमीटर वेग धरल्याशिवाय येत नाही, आणि तो वेग मोठ्या जेट विमानांचा आहे. या मार्गावर सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने, ज्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या जवळपास असतो. म्हणजे सरळ रेषेत, पूर्ण वेगाने गेले तरी ३७ मिनिटे हवीत. त्यात उंची गाठताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी वळसा घ्यावा लागतो, शिवाय जमिनीवरची धाव वेगळीच. विमान कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, म्हणून तो या आकड्याशी कधीच जुळत नाही. प्रवास जितका जवळचा, तितकी ही तफावत डोळ्यांत भरते. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर तर उतरण्याच्या परवानगीसाठी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

विमानाचा प्रकार निवडण्याची सोय आणि एका शहरात दोन विमानतळ असल्यास तसा प्रश्न, एवढ्या दोन सुधारणा चालकांनी तातडीने कराव्यात. तोपर्यंत मी येथून फक्त किलोमीटर घेतो. आईच्या गाडीची वेळ आणि ठिकाण मात्र तिकीट समोर ठेवूनच कळवतो.