चौदा महिने इलेक्ट्रिक गाडी, आणि सहा हजारांची एक बॅटरी

वर्ष पूर्ण झाल्यावर या गाडीचा अनुभव लिहायचा, असे ठरवले होते. ते दोन महिने लांबले आणि आता लिहायला बसलो आहे तो चिडून. रेंज, पिकअप, चार्जिंगचा वेग यांचे आकडे वाचकांना पाठ असतील, म्हणून ते पुन्हा देत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही रेल्वेने गावी गेलो होतो आणि गाडी पुण्यात बाणेरच्या आमच्या सोसायटीच्या तळघरात नऊ दिवस उभी होती. परतल्यावर सोमवारी सकाळी साडेसहाला बटण दाबले, तर दारही उघडेना. मोबाइलवरील ॲप 78 टक्के चार्ज दाखवीत होते; नीट पाहिले तेव्हा कळले की तो आकडा चार दिवसांपूर्वीचा आहे. रिमोटमध्ये दडवलेली धातूची किल्ली काढून आत शिरलो, पण समोरचे दोन्ही पडदे काळेच राहिले.

गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा यात काहीच दोष नव्हता. पेट्रोलच्या गाडीत असते तशीच 12 व्होल्टची छोटी बॅटरी याही गाडीत असते, आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, तिच्याच विजेवर जोडले जातात. ती बसली की मोठ्या बॅटरीत कितीही वीज असो, ती गाडीपर्यंत पोचत नाही. गाडी चालू असताना किंवा चार्ज होताना मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. नुसत्या उभ्या गाडीत ही सोय कंपनीने ठेवलेली दिसत नाही. लाखो रुपयांच्या गाडीत एवढी साधी गोष्ट सुचू नये, याचा मला अजूनही राग आहे.

मदतीची गाडी साडेअकराला येणार होती. तेवढ्यात शेजारचे काका खाली आले आणि त्यांनी आपल्या सतरा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीवरून वायर जोडून दिली. "अहो, घरभर धान्य आणि कोठाराची किल्ली हरवलेली, अशी गत झाली की तुमची!" असे म्हणून ते मनापासून हसले. गाडी मिनिटभरात जागी झाली.

सर्व्हिस सेंटरने आधी डॅशकॅमवर, म्हणजे समोरच्या काचेवरील कॅमेऱ्यावर, ठपका ठेवला, मग 'सॉफ्टवेअर अपडेट राहिले होते' असे सांगितले, आणि शेवटी नव्या छोट्या बॅटरीचे सहा हजारांचे बिल पुढे केले. मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आणि छोटीला वेगळे, तोकडे कलम, हे खरेदीच्या वेळी कोणीही बोलले नव्हते. तीन ईमेल आणि दोन खेपा यांनंतर निम्मी रक्कम माफ झाली. उरलेले तीन हजार मला अजून बोचतात.

एवढे असूनही हिशेब मांडला की माझा आवाज खाली येतो. सोसायटीचे ना हरकत पत्र मिळवून महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळे मीटर घेतले, कारण घरच्या मीटरवर गाडी लावली की महिन्याचा वापर महागड्या टप्प्यात जाऊन बसतो. आता किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आसपास खर्च येतो. जुन्या गाडीला पेट्रोलचे सात रुपये लागत.

तिसऱ्या महिन्यात मी याच हिशेबाच्या जोरावर सदाशिव पेठेतील मेहुण्याला हीच गाडी घेण्याचा आग्रह केला होता. तो सल्ला मी आता मागे घेतला आहे, आणि त्याचे कारण छोटी बॅटरी नव्हे. आमच्या तळघरात इलेक्ट्रिक गाड्यांच्या तेवीस हिरव्या नंबरपाट्या मी स्वतः मोजल्या आहेत, आणि बालेवाडी, औंधकडेही चित्र फारसे वेगळे नाही. पर्यावरणाची काळजी किंवा इलेक्ट्रिक गाडीवरचा अवघा 5 टक्के जीएसटी यांमुळे एकाच भागात एवढ्या गाड्या येत नाहीत. इथे प्रत्येकाला आखलेली, स्वतःच्या नावाची पार्किंगची जागा आहे, मागे भिंत आहे आणि भिंतीवर पॉइंट काढता येतो. शिवाय निम्म्याअधिक घरांत लांबच्या प्रवासासाठी दुसरी गाडी उभी असते. मेहुण्याची गाडी सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पी-1, पी-2 पाट्या पाहून आज रस्त्याच्या या बाजूला, उद्या त्या बाजूला लागते. त्याला कायम सार्वजनिक फास्ट चार्जरवर जावे लागेल, जिथे युनिटला वीस रुपयांच्या आसपास दर आणि वर 18 टक्के जीएसटी पडतो. म्हणजे माझ्या बचतीतला मोठा वाटा त्याच्या हाती लागणारच नाही, आणि रांगेत बसण्याचा वेळ जाईल तो वेगळाच. स्वस्त चालणारी ही गाडी आधीच ऐसपैस राहणाऱ्यालाच स्वस्त पडते, हे मला वर्षभराने उमगले.

गाडी मी विकणार नाही. गावी जाताना डॅशकॅमची वायर काढून ठेवतो आणि दर चार दिवसांनी गाडी अर्धा तास चालू करण्याची विनंती काकांनाच करतो. परवा त्यांच्या गाडीची बॅटरी बसली तेव्हा मी तत्परतेने वायर घेऊन खाली गेलो, आणि जोडण्यापूर्वी सहज माहितीपुस्तिका उघडली. या गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नये, असे तीत ठळक अक्षरांत छापले आहे. काकांना मी ते पान दाखवले आणि मग आम्ही दोघांनी मिळून त्यांची गाडी ढकलली.