मीममधील रूपक उलगडून दाखवणारी कार्यशाळा

सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात नुकत्याच झालेल्या, मीममधील चित्र आणि मजकूर यांच्यावरच्या एकदिवसीय कार्यशाळेचे हे परीक्षण आहे. मीम बनवणारे आणि पुढे पाठवणारे पुण्यात उदंड आहेत. पण त्यातला अर्थ घडतो कसा, हे अलंकारशास्त्राच्या आधारे शिकवणारा उपक्रम माझ्या पाहण्यात हा पहिलाच.

सकाळचे सत्र सर्वांत कसदार झाले. अंतोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ मध्ये टिपलेले आणि २०१७ मध्ये मीम म्हणून जगभर पसरलेले, प्रेयसीसोबत चालताना दुसऱ्याच तरुणीकडे वळून पाहणाऱ्या तरुणाचे छायाचित्र मार्गदर्शकांनी आधी कोरेच दाखवले. मग तरुणावर ‘अभ्यासिकेतला विद्यार्थी’, प्रेयसीवर ‘राज्यसेवा मुख्य परीक्षा’ आणि लाल पोशाखातील तरुणीवर ‘तलाठी भरतीची जाहिरात’ अशी लेबले एकेक करून चढवली. तिसरे लेबल येताच हशा पिकला. हसणाऱ्यांत आसपासच्या अभ्यासिकांतून आलेली मुलेही होती, आणि त्यांच्या हसण्यात थोडी कळ होती हेही नोंदवायला हवे.

यानंतरचे विवेचन ऐकण्यासारखे होते. उपमेय, म्हणजे जिचे वर्णन करायचे ती गोष्ट, अक्षरांत आहे, उपमान, म्हणजे जिच्याशी तिची तुलना होते ती गोष्ट, चित्रात आहे आणि दोहोंना जोडणारा ‘सारखा’ किंवा ‘प्रमाणे’ असा शब्द कुठेच नाही; लेबल थेट अंगावर चिकटल्यामुळे दोन्ही एकरूप होतात, म्हणून हे रूपक. शिवाय प्रेयसीच्या चेहऱ्यावरचा संताप आता परीक्षेचा संताप ठरतो, म्हणजे त्या रूपकाच्या पोटात निर्जीवाला सजीवाचे गुण देणारी चेतनगुणोक्तीही आहे. पुढे त्यांनी दोन तरुणींवरची लेबले अदलाबदल करून दाखवली आणि तेच चित्र भरतीच्या रांगेत असतानाही राज्यसेवेचे स्वप्न न सुटलेल्या माणसाचे झाले. शाळेत गुणांपुरते पाठ केलेले अलंकार इतक्या जिवंतपणे वापरात आलेले पाहून मला मनापासून आनंद झाला.

पाश्चात्त्य सिद्धान्तांना मात्र घाईत उरकले. चित्राच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एकाला मजकूर जहाजाच्या नांगरासारखा धरून ठेवतो, हे फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९६४ मध्ये मांडलेले म्हणणे सांगितले गेले. पण वरील उदाहरणात लेबले चित्राला त्याच्या मूळ अर्थात स्थिर करत नाहीत, तर त्या अर्थापासून दूर नेतात, या महत्त्वाच्या फरकावर चर्चा झालीच नाही. जाहिरातींतील चित्ररूपकांवर चार्ल्स फोर्सव्हिल यांनी केलेल्या कामाचा नुसता उल्लेख झाला.

दुसऱ्या सत्रातील एका प्रतिपादनाशी मी सहमत नाही. ड्रेक या कॅनडाच्या गायकाच्या २०१५ मधील व्हिडिओतून घेतलेल्या, वर नकार आणि खाली पसंती दाखवणाऱ्या दोन चौकटींच्या मीमलाही तेथे रूपकच म्हटले गेले. परंतु शेजारी लिहिलेली गोष्ट तेथे दुसऱ्या कशाशी एकरूप होत नाही. हात आडवा धरून मान फिरवण्याची कृती नापसंतीच्या जागी उभी राहते, म्हणजे परिणाम दाखवून कारण सुचवले जाते. ही लक्षणा आहे, आणि हा भेद न केल्यास रूपक ही संज्ञाच पातळ होत जाते.

दुपारी प्रत्येकाने स्वतः मीम तयार केले. त्यासाठी दिलेल्या साधनात काळ्या कडेचे पांढरे जाड अक्षर ही इंग्रजी मीमची रूढ पद्धत देवनागरीवर जशीच्या तशी लादलेली होती, त्यामुळे प्रत्येक अक्षराभोवती वेगळी काळी कड उमटून शिरोरेषा जागोजागी तुटलेली दिसत होती आणि ‘मुख्य’सारखा शब्द लहान आकारात वाचवत नव्हता. लेबल क्षणात वाचले गेले नाही तर रूपकही जुळत नाही, त्यामुळे ही उणीव केवळ सजावटीची म्हणता येणार नाही.

आठशे रुपयांचे शुल्क सकाळच्या सत्रासाठीही योग्य वाटते. भाषाशिक्षक, जाहिरात लिहिणारे आणि अलंकारांची आवड असलेले विद्यार्थी यांनी अवश्य जावे. झटपट मीम बनवायला शिकण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्यांची निराशा होईल. आयोजकांनी पुढच्या वेळी ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे मोफत मिळणारे देवनागरी फॉन्ट आधीच संगणकांवर घालून ठेवावेत, आणि कडेऐवजी अक्षरांमागे गडद पट्टी देण्याची सोय करावी.