दुर्मीळ वाणाची कोंबडी परसात आणायची: अंडी, पिल्लं, तलंगा की जोडणी?

दुर्मीळ, जुन्या वाणाच्या कोंबड्या पाळायचं मनात आलं की आपण आधी जातींची नावं चाळत बसतो. डॉर्किंग बरी की ससेक्स, डॉमिनिक आणावी की जावा? नाव ठरतं आणि मग खरी अडचण उभी राहते. त्याच जातीची उबवायची अंडी मिळतात, एक दिवसाची पिल्लं मिळतात, चार-पाच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, मिळतात आणि कुणाकडे तरी एक कोंबडा-दोन कोंबड्यांची तयार जोडणीही मिळते. यातला कोणता रस्ता धरता यावर तुमच्या खुराड्यात पुढे काय दिसेल हे बरंचसं ठरतं. माझ्या मते तर जातीच्या निवडीपेक्षाही ते जास्त यावर ठरतं.

जुनं वाण म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. अमेरिकेतल्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या संस्थेची व्याख्या सगळ्यात नेमकी आहे. जात विसाव्या शतकाच्या मध्याआधी मान्यता मिळालेली हवी. तिची पैदास नैसर्गिक संयोगातून व्हायला हवी. मोकळ्यावर राहून मादीने 5 ते 7 वर्षं आणि नराने 3 ते 5 वर्षं काम द्यायला हवं. आणि खाण्यायोग्य वजन गाठायला पक्ष्याला किमान 16 आठवडे लागायला हवेत. शेवटची अट महत्त्वाची, कारण आजचा ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत तयार होतो. हळू वाढणाऱ्या पक्ष्याचं काळीज, हाडं आणि पाय शरीराच्या वजनाला पुरे पडतात, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. पण या संथपणामुळे पैदासकाराचा खाद्याचा खर्च वाढतो आणि तो कमी पक्षी ठेवतो. दुर्मीळपणाची सुरुवात इथूनच होते. याच संस्थेच्या यादीत सगळ्यात वरच्या धोक्याच्या गटातल्या जातीचे अमेरिकेत पैदासीचे 500 पक्षीही उरलेले नसतात. तेव्हा अशा जातीसाठी पैदासकार म्हणाला, की पुढच्या हंगामापर्यंत थांबा, तर ते मी चांगलं लक्षण मानेन.

उबवायची अंडी

अंडी मागवणं सगळ्यात सोपं वाटतं. दूरवरच्या चांगल्या वंशापर्यंत पोचायचा अनेकदा तो एकच मार्ग असतो, कारण कित्येक पैदासकार जिवंत पक्षी पाठवतच नाहीत. पण हिशेब आधीच करून ठेवा. प्रवास करून आलेल्या अंड्यांतल्या निम्म्यांतून पिल्लं निघाली तरी जाणकार समाधान मानतात. बारातून सहा पिल्लं, त्यात साधारण तीन नर. उरल्या तीन माद्या, आणि त्यातली एखादी तरी वाणाच्या लक्षणांत कमी पडणार. एवढ्यावर कळप उभा राहत नाही. अंडी मागवायचीच तर दोन-तीन डझन मागवा, आणि नरांचं काय करणार ते अंडी यायच्या आधीच ठरवा.

नुकसान बहुधा वाटेतल्या हादऱ्यांनी होतं. अंधारात अंड्याच्या जाड टोकाला टॉर्च लावून पाहिलं की आतली हवेची पोकळी दिसते. ताज्या, धक्का न बसलेल्या अंड्यात ती पोकळी जागची हलत नाही. हादरलेल्या अंड्यात मात्र अंडं तिरकं केलं की ती गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी कडेने सरकते. असं अंडं लगेच टाकून देऊ नका. टोकदार बाजू खाली ठेवून सगळी अंडी 12 ते 24 तास शांत राहू द्या, मगच उबवणी यंत्रात घाला. पंख्याच्या यंत्रात 37.5 अंश सेल्सियस, एकूण 21 दिवस, आणि अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करून आर्द्रता वाढवायची. कुणाकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी असेल तर यंत्रापेक्षा तिच्यावरच माझा जास्त भरवसा आहे. फक्त तिला आधी चार दिवस खोट्या अंड्यांवर बसवून पक्की बसते का ते पाहा.

काही जातींत अंडी न फुटण्याचं कारण रक्तातच असतं. स्कॉट्स डम्पीचे आखूड पाय आणि अरौकानाचे कानाजवळचे पिसांचे झुबके ज्या जनुकांमुळे येतात, ती आई आणि बाप दोघांकडून आली की गर्भ अंड्यातच मरतो. तशी लक्षणं असलेले दोन पक्षी एकत्र ठेवले, तर चौथा हिस्सा अंडी याच कारणाने वाया जातात. तिथे विकणाऱ्याला दोष देणं बरोबर नाही.

अंड्यातून रोग येत नाही, असं समजू नका. पुलोरम (पिल्लांचा जीवघेणा जिवाणूजन्य रोग) आणि मायकोप्लाझ्मा (श्वसनाचा रोग) हे दोन्ही आईकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतात. कळपाची तपासणी झाली आहे का, हे अंडी घेतानाही विचारायचं. आणखी एक प्रश्न विचाराच: या माद्या दुसऱ्या जातीच्या नरांपासून किती दिवस वेगळ्या आहेत? मादीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, त्यामुळे महिनाभर वेगळ्या ठेवलेल्या माद्यांचीच अंडी शुद्ध म्हणता येतात. या प्रश्नाला अडखळत उत्तर मिळालं तर अंडी घेऊ नका.

एक दिवसाची पिल्लं

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर ते तीन दिवसांपर्यंत तग धरू शकतं. पिल्लं दूर पाठवण्याचा सगळा व्यवहार याच गोष्टीवर उभा आहे. आल्यावर पहिला आठवडा 35 अंशांची ऊब द्यायची आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. इथवर यात अवघड काही नाही. प्रश्न येतो तो पिल्लं कुणाकडून घ्यायची, हा.

मोठ्या हॅचरीकडे, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्राकडे, मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचून मिळते, पाठवण्याची व्यवस्था चोख असते आणि यादीत दुर्मीळ नावंही असतात. पण तिथले पक्षी पिढ्यान्‌पिढ्या जास्त अंड्यांसाठी निवडलेले असतात. त्यामुळे नाव तेच राहतं आणि पक्षी अंगाने हलका होतो, रंग फिका पडतो, खुडूक बसण्याची ओढ मंदावते. छोट्या पैदासकाराकडची पिल्लं उशिरा मिळतील, थोडीच मिळतील, बहुधा नर-मादी न निवडता मिळतील. तरीही वाण जपायचं मनात असेल तर मी तीच घेईन. नुसती रोजची अंडी आणि अंगणात चार देखण्या कोंबड्या हव्या असतील, तर हॅचरीची पिल्लं घेण्यात काहीच कमीपणा नाही.

पिल्लू इतकं लहान असतानाही थोडं फार पारखता येतं. डॉर्किंगच्या पिल्लाच्या पायाला पाच बोटं हवीत, आणि पाचवं बोट चौथ्याला चिकटलेलं नसून सुटं आणि वरच्या दिशेला वळलेलं हवं. डॉमिनिकच्या काळ्या पिल्लांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. मादीचा लहान आणि आटोपशीर, नराचा पसरट, विस्कटलेला. मादीचे पायही जास्त गडद असतात. हे शंभर टक्के बिनचूक नसलं तरी चांगलंच उपयोगी पडतं.

तलंगा

ज्यांना नर ठेवताच येत नाही आणि ऊब देत बसायला सवडही नाही, त्यांनी सरळ तलंगा घ्याव्यात. नर-मादी ठरलेली असते, तुरा आणि रंग दिसतो, नाजूक दिवस मागे पडलेले असतात. जास्तीचे पैसे तुम्ही मोजता ते कुणीतरी घातलेल्या काही महिन्यांच्या खाद्याचे आणि कष्टांचे. फक्त घरी आणल्यावर लगेच अंड्यांची वाट पाहू नका, भारी अंगाच्या जुन्या जाती सहा महिन्यांच्या पुढेच अंड्यावर येतात.

तयार जोडणी

एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. माझं मत विचाराल, तर वाण पुढे न्यायचं असेल त्याने हाच मार्ग धरावा. पक्षी डोळ्यांसमोर उभा असतो. त्याचा पाय, पाठ, डोळा, चाल पाहून घेता येते, आणि त्याच्या आईबापांनाही पाहता येतं. दोन वर्षांची मादी म्हातारी समजून नाकारू नका. ती आजारांतून तगलेली असते, तिचं अंडं तिच्या पहिल्या वर्षातल्या अंड्यापेक्षा मोठं असतं, आणि पैदासीला तलंगेपेक्षा तीच बरी.

गुलाबतुरा, म्हणजे डोक्यालगत बसलेला चपटा, खडबडीत तुरा, असलेल्या जातींत एक गोष्ट लक्षात ठेवायची. वायंडॉटसारख्या जातीत ज्या नराला गुलाबतुऱ्याचं जनुक दोन्हीकडून मिळालेलं असतं, त्याची फलनक्षमता कमी भरते. म्हणून समजदार पैदासकार वंशात अधूनमधून निघणारे एकेरी (उभ्या, करवतीसारख्या) तुऱ्याचे पक्षी सगळेच काढून टाकत नाहीत. प्रदर्शनात ते चालत नाहीत, पण खुराड्यात अंडी त्यांच्यामुळे फळतात. विकणाऱ्याने हे आपणहून सांगितलं तर माणूस जाणता आहे असं समजा.

वाढलेल्या पक्ष्यांबरोबर उवा, पिसवा आणि श्वसनाचे रोग येण्याची भीती मात्र सगळ्यात जास्त. महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवायचं, आणि घरच्या कोंबड्यांचं सगळं उरकल्यावरच त्यांच्याकडे जायचं. मॅरेक्सची लस घेतलेला पक्षी स्वतः आजारी पडला नाही तरी विषाणू पसरवू शकतो. लस न टोचलेली पिल्लं घरात असतील तर त्यांना अशा पक्ष्यांपासून लांबच ठेवा.

दुसरी अडचण रक्ताची. एकाच घरून आणलेले तिघं बहुधा भाऊबहिणी असतात. दोन-तीन पिढ्या तसंच चालवलं की अंडी फुटण्याचं प्रमाण घसरायला लागतं. मोठे पैदासकार तीन कळप करून प्रत्येक कळपाचे नर ठरलेल्या क्रमाने पुढच्या कळपात फिरवतात. एका खुराड्याच्या घरी ते जमत नाही. त्यापेक्षा घेतानाच वेगळ्या आईबापांचा नर मागा. त्याच जातीचं पाळणारं आणखी एखादं घर शोधून ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी नरांची अदलाबदल करा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून पायात क्रमांकाची रिंग आणि वहीत आई, बाप, फुटल्याची तारीख एवढं लिहिलेलं असलं की पुरतं.