चौदा सेकंदांची घोडी आणि आमचे बत्तीस हजार डॉलर

मी टेक्ससमध्ये फोर्ट वर्थजवळ राहतो, नोकरी आयटीतली, आणि मुलगी बॅरल रेसिंग करते. म्हणजे रोडिओत (काउबॉय लोकांच्या घोडा-बैलांच्या स्पर्धा) तीन पिंपांभोवती घोडा पळवायचा, जिची वेळ कमी ती जिंकली, पिंप पाडलं की ५ सेकंद दंड. तिला यावरच पोट भरायचंय. पगार वगैरे काही नसतो हं, एन्ट्री फी आपली, डिझेल आपलं, नंबरात आलात तर पैसे नाहीतर रिकाम्या हाताने घरी. वर्षाच्या कमाईत पहिल्या १५ जणी डिसेंबरात लास व्हेगासच्या नॅशनल फायनल्सला जातात, खरा पैसा तिथे. आणि सगळा खेळ घोड्याचा. शार्मेन जेम्स नावाच्या बॅरल रेसरने १९८४ ते १९९३ सलग दहा वर्ल्ड टायटल मिळवली ती एकाच घोड्यावर, स्कॅम्परवर. त्यामुळे आम्हीही तसाच घोडा शोधायला निघालो, आणि तिथेच तोंडावर पडलो.

ऑनलाइन जाहिरात, नऊ वर्षांची घोडी, व्हिडिओत वेळ १४.२ सेकंद. मी खुळ्यासारखा खूश, कारण पोरगी तोवर १७.८ ला पळत होती. नंतर कळलं की स्टँडर्ड मापात पहिल्या दोन पिंपांत ९० फूट आणि तिथून तिसरं १०५ फूट असतं, त्यावर १७ च्या आसपास चांगली वेळ, आणि छोट्या इनडोअर अरीनात, म्हणजे बंदिस्त मैदानात, पिंपं जवळ लावली की कोणीही १४ ला येतं. पोरीला हे माहीत होतं, ती म्हणाली पण, बाबा अरीना केवढा ते विचारा. मी म्हटलं बघू गं.

आम्ही पोचलो तेव्हा घोडी आधीच खोगीर घालून, घाम येईपर्यंत फिरवून तयार. हे पहिलं लक्षात यायला हवं होतं, घोडा थंड असताना ठाणावरून बाहेर काढताना बघायचा असतो, अंग गरम झालं की लंगडणं झाकलं जाऊ शकतं. घोडी तपासणारा जनावरांचा डॉक्टर पण विकणाऱ्यानेच सुचवलेला. त्याने पाय वाकवून धरला, सोडला, पळवून बघितलं, ओके म्हणाला, एक्सरेची गरज नाही म्हणाला, आणि मी चार पैसे वाचले म्हणून आनंदात. माझे वडील बैल घ्यायला बाजारात जायचे तेव्हा दात बघून, चालवून, बसवून, उठवून मग रुमालाखाली हात घालायचे. आणि मी पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल केलं.

३२ हजार डॉलर दिले. सहाव्या दिवशी पहिल्या पिंपाला उजवीकडे वळताना घोडीने पाय आखडला, दुसऱ्या दिवशी सरळ लंगडायलाच लागली. आमच्या डॉक्टरने एक्सरे काढले, पुढच्या दोन्ही खुरांत नॅव्हिक्युलर, म्हणजे खुरातल्या छोट्या हाडाचं जुनं दुखणं, बरं होत नाही, फक्त सांभाळायचं. म्हणाला बहुतेक ब्यूट देऊन दाखवली असेल, ते दुखणं दाबणारं औषध आहे, उतरलं की पाय बोलतो. पण सिद्ध कसं करणार, तपासणीच्या दिवशी रक्त काढून ठेवलंच नव्हतं. वकिलाला दाखवलं तर विक्रीच्या कागदावर लिहिलेलं, आहे त्या स्थितीत घेतली, खाली माझी सही. वर रजिस्ट्रेशनच्या कागदावर मालक म्हणून तिसऱ्याच कोणाचं नाव, तो फोन उचलत नाही, त्यामुळे घोडी अजून आमच्या नावावर पण नाही. विकणाऱ्याने पहिले दोन फोन घेतले, तुम्हीच जास्त पळवली म्हणाला, मग ब्लॉक.

पोरीचा अख्खा सीझन गेला, मैत्रिणीच्या घोड्यावर दोन जॅकपॉट (छोट्या स्थानिक शर्यती) पळाली, त्यात एन्ट्री फी पण निघाली नाही. घोडी मागच्या कुरणात आहे, तिचा काय दोष, सफरचंद दिलं की येते हळूहळू.

आता परत शोधतोय. यावेळी मी आधीच मेसेज टाकतो की डॉक्टर आमचा येणार, न सांगता सकाळी येणार, चारही पायांचे एक्सरे होणार आणि रक्त काढून ठेवणार. पाच जणांना टाकला, तिघांनी उत्तरच दिलं नाही.