सूपमेकर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

सासऱ्यांची नवी कवळी बसेपर्यंत दोन-अडीच महिने त्यांचे पोळी-भाकरी खाणे बंद झाले होते, आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी मऊ, पण पोटभर असे काय करावे, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला होता. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये राहणारी नणंद सुट्टीला आली आणि येताना तिच्याकडे आहे तसेच एक सूपमेकर घेऊन आली. आठवड्यातून साधारण तीनदा या हिशोबाने ते यंत्र मी आठ महिने वापरले आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण जे गुणदोष सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक साध्या यंत्रांत थोड्याफार फरकाने सापडतील.

दिसायला ती पाणी तापवण्याची मोठी किटली आहे. भांडे १.६ लिटरचे, तळाशी १००० वॉटचा हीटर, झाकणात मोटर आणि झाकणाखाली लोंबणारे पाते. चिरलेल्या भाज्या आणि पाणी घालून झाकण बसवायचे आणि बटण दाबायचे, की एकजीव सूप सुमारे २१ मिनिटांत तयार होते. भाज्यांचे तुकडे तसेच ठेवणारा दुसरा प्रकार २८ मिनिटे घेतो, पण आम्हाला त्याचा उपयोग नव्हता. वीज फारशी लागत नाही; हीटर पूर्ण वेळ चालला असे धरले तरी एका खेपेला एक तृतीयांश युनिटच्या आसपास. तिकडचा आणि आपला वीजदाब सारखाच, २३० व्होल्ट असल्यामुळे यंत्र इथे विनातक्रार चालते. प्रश्न येतो तो चौकोनी पायांच्या प्लगचा. प्रवासात वापरतात तसला स्वस्त अडॅप्टर पहिल्याच आठवड्यात इतका तापला की त्याचे प्लॅस्टिक मऊ पडले. मग इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घेतला.

या यंत्राचे उत्तम फळ म्हणजे लाल भोपळ्याचे सूप. अर्धा किलो भोपळा, एक कांदा, एक गाजर, लसणाच्या चार पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, अर्धा तास भिजवलेली दोन मोठे चमचे मूगडाळ आणि वरच्या व खालच्या खुणांच्या मध्ये येईल इतके पाणी. सुरुवातीची दहा-बारा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते, मग झाकणाच्या भोकातून वाफ येऊ लागते आणि त्यानंतर पाते थांबून थांबून फिरते. आवाज मिक्सरइतकाच असतो, पण दर खेपेला काही सेकंदच. शेवटी झाकण काढले की आत डाळ दिसत नाही, भोपळा दिसत नाही, नुसता केशरी, चमच्यावर थर धरणारा, दाट पदार्थ दिसतो. वरून चमचाभर तुपात जिरे तडतडवून घालावे. हे तूप केवळ चवीसाठी नाही. भोपळ्या-गाजरातले बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. पहिला वाडगा संपवून सासरे म्हणाले, “अगं, हे आपलं कढणच की! फक्त पासपोर्ट काढून आलंय.”

त्यांचे म्हणणे खरेच आहे, आणि ही परीक्षा खरे तर त्याच मुद्द्याची आहे. सूपला सायीसारखा पोत यावा म्हणून हॉटेलात क्रीम ओततात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे १०० मिलिलिटर क्रीमबरोबर २५ ग्रॅम स्निग्धांश सूपमध्ये जातो. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतही जवळपास प्रत्येक कृतीच्या शेवटी क्रीम आहेच. आपल्याकडे मात्र पातळ पदार्थ क्रीमशिवाय ‘मिळून आणण्याची’ विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे: डाळ घोटायची, पीठ लावायचे, खोबरे वाटून घालायचे. ती विद्या या भांड्यात कितपत चालते हे मी एकेक करून पाहिले. बटाट्याने दाटपणा येतो, पण पाते जास्त फिरले तर बटाट्यातला स्टार्च मोकळा होऊन सूप खळीसारखे चिकट होते, आणि पाते किती फिरावे हे इथे आपल्या हातात नसते. ओट्सचे सूप गरम असेपर्यंत ठीक. निवले की बुळबुळीत होते. चमचाभर धुतलेला तांदूळ चांगला मिसळतो, फक्त चवीत काही भर घालत नाही. आठ-दहा काजूंनी जो मऊपणा येतो त्याला तोड नाही, आणि तेवढ्या काजूंत स्निग्धांश सात ग्रॅमच्या आसपासच असतो. पाहुणे येणार असतील तर मी काजूच घालते. रोजच्यासाठी मात्र माझे मत मूगडाळीला आहे, कारण दोन मोठ्या चमच्यांतून सूपमध्ये सहा-सात ग्रॅम प्रथिने येतात आणि ज्यांचे जेवणच ते सूप आहे त्यांच्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे. तूरडाळीच्या वाटेला जाऊ नये. एवढ्या वेळात ती शिजत नाही आणि जिभेला कणी लागते. अनपेक्षितपणे जिंकला तो फ्लॉवर. फ्लॉवर, थोडा कांदा, लसूण आणि मिरपूड एवढ्यावर जे पांढरेशुभ्र, रेशमी सूप तयार झाले, ते पाहून आमच्या शेजारणीचा त्यात क्रीम नाही यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

आता तक्रारी. पालकाच्या बाबतीत हे यंत्र नापास आहे. पालक उघड्या भांड्यात दोन-तीन मिनिटेच उकळावा लागतो. इथे तो झाकणाखाली वीस मिनिटे शिजतो, भाजीतली आम्ले वाफेबरोबर बाहेर जाण्याऐवजी आतच राहतात, हरितद्रव्य बदलते आणि सूपला पोलिसांच्या गणवेशाचा रंग येतो. चव वाईट नसते, पण तो रंग बघून कोणी वाडगा पुढे करत नाही. टोमॅटोची साले आणि बिया पूर्ण वाटल्या जात नाहीत. ते सूप मी पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढते, म्हणजे एक भांडे वाचवायला गेले आणि दुसरे घासायला पडले. दूध आधीपासून घातले तर हमखास तळाला लागते, आणि टोमॅटो असेल तर फाटते. ते शेवटी, यंत्र बंद केल्यावर, कोमट करून घालावे.

सर्वांत मोठी उणीव अशी की यात काहीही परतता येत नाही. कांदा-लसूण थोड्या तुपावर गुलाबी होईपर्यंत परतल्याने येणारा खमंगपणा नुसत्या उकडण्याने येत नाही, आणि वेगळ्या कढईत परतायचे तर ‘बटण दाबा आणि विसरा’ ही जाहिरात कशाला? परतण्याची सोय असलेली महागडी यंत्रे मिळतात; माझ्याकडचे ते नव्हे.

वीज गेली की आणखी पंचाईत. पंधराव्या मिनिटाला वीज गेली आणि परत आली, तर यंत्राला आपण कुठवर आलो होतो ते आठवत नाही. ते पहिल्यापासून सुरू होते. एकदा मी तसेच चालू दिले आणि अर्धवट घट्ट झालेली डाळ तळाला अशी धरली की करपल्याचा वास दोन दिवस भांड्यातून जाईना. हीटर तळातच असल्यामुळे भांडे पाण्यात बुडवता येत नाही, तारेच्या घासणीने घासता येत नाही, आणि झाकणात मोटर असल्यामुळे तेही नळाखाली धरायचे नाही. मी सूप काढल्याबरोबर गरम पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून पाते फिरवते. तेवढे केले तर नंतर त्रास होत नाही. दुरुस्तीसाठी कंपनीला लिहिले असता भारतात घेतलेल्या नगालाच हमी लागू असल्याचे उत्तर आले, तेव्हा परदेशातून मागवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे.

भांड्यात निदान १.३ लिटर भरलेच पाहिजे ही अटही छोट्या कुटुंबाला जाचते. तिघांत ते माणशी सव्वाचारशे मिलिलिटरच्या वर जाते, म्हणजे चांगले दोन वाडगे. त्याला सपाट चहाचा चमचाभर मीठ मी पुरेसे धरते. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि एवढ्याने प्रत्येकाच्या वाट्याला दोनच ग्रॅम येते. पाकिटातली सूपे मी बंद केली ती मुख्यतः याच हिशोबामुळे. उरलेल्या भोपळ्याच्या सूपमध्ये दुसऱ्या दिवशी थालीपिठाची भाजणी भिजवते. तशी थालिपिठे पाण्याच्या थालिपिठांपेक्षा कितीतरी मऊ होतात.

एक सूचना यंत्राबद्दल नाही, पण सांगितलीच पाहिजे. दुधीचे सूप करताना चिरण्यापूर्वी एक चकती जिभेला लावून पाहावी आणि किंचितही कडू लागली तर तो दुधी टाकून द्यावा. त्यातले कडू द्रव्य विषारी असते आणि शिजवल्याने जात नाही.

मग हे यंत्र घ्यावे का? ज्यांच्या घरी कुकर आहे आणि गॅसपाशी उभे राहणारे कोणी आहे, त्यांनी घेऊ नये. कुकरमध्येच कांदा परतून, भोपळा आणि डाळ घालून दोन-तीन शिट्ट्या काढाव्यात आणि प्रेशर उतरल्यावर त्यातच हँड ब्लेंडर फिरवावा. चव अधिक चांगली येते, पालकही हिरवा राखता येतो आणि खर्च यंत्राच्या मानाने किरकोळ. ब्लेंडरचे तोंड सूपमध्ये पूर्ण बुडवून मगच सुरू करावा, नाहीतर भिंतीला फोडणी बसते. उकळते सूप मिक्सरच्या बंद भांड्यात मात्र कधीही घालू नये, कारण वाफेच्या दाबाने झाकण उडते. मी स्वतः आता बहुतेक वेळा कुकरच लावते.

तरीही यंत्र कपाटात गेलेले नाही, कारण ते सासऱ्यांनी ताब्यात घेतले आहे. कवळी केव्हाच बसली, पण कुकरची शिट्टी आणि गॅसची ज्योत यांना बिचकणाऱ्या त्यांच्यासारख्या माणसाला आपोआप बंद होणारे भांडे निर्धास्तपणे वापरता येते. बुधवारी मला घरी यायला उशीर होतो, त्या दिवशी स्वयंपाकघर त्यांच्याकडे असते. परवा त्यांनी फ्लॉवरचे सूप केले होते. मीठ घालायचे राहिले होते.